वापरलेली ४५० सीसी अ‍ॅडव्हेंचर गाडी रोजच्या कामाला चालते का? नागपुरातील प्रकल्प नोंदी, एप्रिल ते सप्टेंबर २०२५

१३ एप्रिल २०२५

एकाच मालकाने वापरलेली आणि मीटरवर साधारण अकरा हजार किलोमीटर झालेली अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल, म्हणजे लांबच्या आणि खराब रस्त्यांसाठीची उंच गाडी, आज घरी आली. एक सिलिंडर, कूलंटवर थंड होणारे इंजिन, पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची स्पोकची चाके, दोन्हीकडे ट्यूबचे टायर आणि डबल स्टँड नाही, अशी तिची मांडणी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एका जुन्या गाडीवरून कोणाला शाबासकी किंवा दूषण देणे बरोबर नाही, आणि मला तपासायची आहे ती कंपनी नसून गाडीचा हा वर्ग आहे.

या वर्गाचा अंदाज येण्यासाठी जाहीर झालेले आकडे पुरेसे आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० चे इंजिन ४५२ सीसीचे असून ताकद सुमारे ४० पीएस, वजन १९६ किलो आणि सीटची उंची ८२५ मिलिमीटर आहे. त्याखालच्या वर्गातील सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स २४९ सीसीची, १६७ किलोची आणि ८३५ मिलिमीटर सीटची आहे. आपल्याकडे घरोघरी असलेल्या हिरो स्प्लेंडर प्लसचे वजन ११२ किलो आणि सीट ७८५ मिलिमीटरवर आहे. म्हणजे स्प्लेंडरवरून या वर्गात येणाऱ्या माणसाला ऐंशीहून अधिक किलो वजन चार सेंटिमीटर जास्त उंचीवरून सांभाळायचे असते. माझी गाडी याच मापाची आहे.

हिमालयात किंवा वाळवंटात ही गाडी काय करते हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. मला पाहायचे आहे ते निराळे: मानेवाड्याहून मिहानला रोज जाणे-येणे, संध्याकाळी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) थांबणे, आईला दवाखान्यात नेणे आणि सुट्टीला रामटेक किंवा चिखलदरा गाठणे, हे सगळे एकाच गाडीवर जमते का. चालवणारे तिघे आहेत. मी १६८ सेंटिमीटर उंचीचा. मेहुणा १७६ सेंटिमीटरचा आणि अशीच नवी गाडी घेण्याच्या विचारात असलेला. धाकटी बहीण १५८ सेंटिमीटरची, बरीच वर्षे स्कूटर चालवणारी, आणि या गाडीवर हात बसवायचाच असा तिचा निश्चय आहे.

२० एप्रिल २०२५

पारा ४४ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे उष्णतेची परीक्षा आपोआपच झाली. सकाळी ऑफिसला जाताना काहीही जाणवत नाही. दुपारी वर्धा रोडवर लागोपाठ दोन सिग्नल लागले की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवेचा झोत थेट उजव्या नडगीवर येतो. सुती पँटमध्ये तो सोसवत नाही, जीन्समध्ये सोसवतो. उन्हाळ्यात काही चौकांत हिरव्या जाळ्या बांधलेल्या असतात, त्यांच्या सावलीत गाडी बंद करून उभे राहिले की बरे वाटते. पण जाळीखाली जागा मोजकी असते आणि या गाडीला दोन स्कूटरांइतकी जागा लागते.

पंखा इतका वेळ का चालतो हे मात्र खटकत होते, म्हणून आज टाकीच्या बाजूची पॅनेले काढली. आधीच्या मालकाने रेडिएटरपुढे बाजारातली बारीक जाळी बसवली होती. गोट्यांपासून बचाव हा तिचा हेतू; प्रत्यक्षात तिच्या छिद्रांत किडे, धूळ आणि सुकलेला चिखल असा भरला होता की बोटाने टोकरल्यावर त्याचे कवच निघाले. जाळीमागे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्येही तेच. जाळी काढून टाकली, पत्रे पाण्याच्या मंद धारेने मागून पुढे धुतले (जोराच्या फवाऱ्याने ते वाकतात), आणि कूलंट खालच्या खुणेच्याही खाली असल्यामुळे तो पूर्ण बदलला. खर्च ६०० रुपये. त्यानंतर पंखा सुरू होणे थांबले नाही, पण पूर्वी तो सिग्नल सुटून पुढचा चौक येईपर्यंत फिरत राही, तो आता गाडी चालू लागल्यावर लवकर थांबतो. जुनी गाडी घेणाऱ्याने ‘फार तापते’ असा शिक्का मारण्याआधी रेडिएटरच्या पुढे काय चिकटवले आहे ते पाहावे.

२७ एप्रिल २०२५

ॲव्हरेज मोजण्याची पहिली फेरी रद्द केली. पहिल्यांदा टाकी भरली तेव्हा गाडी साइड स्टँडवर होती आणि दुसऱ्यांदा पंपावरच्या मुलाने ती सरळ धरायला लावली. रुंद टाकीत या दोन स्थितींमध्ये अर्ध्या लिटरहून जास्त फरक पडतो, आणि आठ-दहा लिटरच्या हिशोबात अर्धा लिटर म्हणजे सगळा निष्कर्षच बदलतो. आता एकच पंप, गाडी सरळ, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की तिथेच थांबायचे, असा नियम ठेवला आहे.

वेगमापक फोनमधील जीपीएसशी ताडून पाहिला. काट्यावर ८० असताना खरा वेग ७६ च्या आसपास असतो. हा दोष नव्हे. वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये असाच नियम आहे, त्यामुळे सगळेच उत्पादक तो थोडा पुढे ठेवतात. किलोमीटरचा आकडा मात्र जवळजवळ बरोबर निघाला, म्हणून ॲव्हरेजसाठी तोच धरतो.

११ मे २०२५

या नोंदीत सर्वाधिक वेळ आणि पैसा वाया गेलेला आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो.

बहिणीचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला टेकत नाहीत. एका पायाचा चवडा टेकतो. चालत्या गाडीत तिला काहीच अडचण नाही, कारण ही गाडी वेग धरल्यावर फार सरळमार्गी वागते. अडचण थांबताना आहे, आणि त्यातही आमच्या शहरातील सिमेंट रस्त्यांच्या कडेला. काँक्रीटचा पट्टा आणि बाजूची माती किंवा पेव्हर ब्लॉक यांच्यात पायरी असते. डावा पाय टेकायला जावे तर तिथे जमीनच चार बोटे खाली असते, आणि तेवढ्यात दोनशे किलो वजन कलू लागते.

उपाय म्हणून मागच्या शॉकअपच्या लिंक (शॉकअप जोडणाऱ्या पट्ट्या) बदलून गाडी ३० मिलिमीटरने खाली आणायचे ठरवले. लिंकच्या पट्ट्या ऑनलाइन १,८०० रुपयांना आल्या. आमचा नेहमीचा मेकॅनिक पट्ट्या हातात घेऊन म्हणाला, “भाऊ, गाडी खाली येईन, पण स्टँड तर तेवढाच राहीन ना? मंग उभी कशी राहीन ते?” तरीही बसवायला लावल्या. मागून उंची कमी झाली आणि स्टँडची लांबी तीच राहिली, त्यामुळे गाडी जवळपास सरळ उभी राहू लागली. घरी सपाट फरशीवर चालून गेले. सोसायटीच्या पार्किंगला पावसाचे पाणी जावे म्हणून हलका उतार दिलेला आहे. तिथे कोणीतरी शेजारची स्कूटर काढताना आरशाला धक्का लागला आणि गाडी उजवीकडे पडली. ब्रेकचा लिव्हर तुटला, तो ४५० रुपयांना बसला. टाकी वाचली ती लेग गार्डमुळे.

स्टँड कापून पुन्हा वेल्ड करण्याचा पर्याय होता. तो नाकारला, कारण मग पुढचे फोर्कही (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या) क्लॅम्पमध्ये तेवढेच वर सरकवावे लागतात. नाहीतर मागून बसलेल्या गाडीचे हँडल वळणावर जड आणि उशिरा वागते, ते मला त्या काही दिवसांत जाणवतच होते. शिवाय ज्या गतिरोधकांवरून गाडी अल्लद जात असे, त्यांतील दोन गतिरोधक तळाच्या पत्र्याला घासू लागले. ज्या गुणासाठी ही गाडी घ्यायची तोच गुण घालवून ती बुटकी करण्यात अर्थ नव्हता. जुन्या लिंक परत बसवल्या.

१८ मे २०२५

लिंकनंतर सीट. गांधीबागेकडच्या एका सीट बनवणाऱ्याकडून फोम २० मिलिमीटर कापून घेतला, १,२०० रुपये. बहिणीला पहिल्या दिवशी आनंद झाला. मी मात्र ऑफिसला जाऊन येईपर्यंतच सीटखालचा प्लास्टिकचा तळ बोचू लागला. गेले ते पैसे गेले.

दुसऱ्यांदा त्याच कारागिरासमोर बसून माप घेतले. गाडीवर बसल्यावर पाय सरळ खाली जात नाहीत. ते सीटच्या पुढच्या कडांना वळसा घालून खाली जातात. उंची कमी करण्यापेक्षा तो वळसा कमी केला तर तेवढाच लाभ होतो आणि बुडाखालचा फोमही शाबूत राहतो. म्हणून मधली जाडी परत भरली, त्यासाठी तुकडे दाबून केलेला कडक फोम वापरला, आणि टाकीला लागून असलेला भाग दोन्ही बाजूंनी उतरता तासला. फोम तासताना कारागीर दर वेळी बहिणीला बसवून गुडघ्याच्या आतल्या बाजूला खडूने खूण करत होता आणि खूण पुसेपर्यंतच पाते चालवत होता. १,५०० रुपये लागले. आता तिचे दोन्ही चवडे टेकतात आणि माझ्या दोन्ही टाचा. गाडीची उंची मोजपट्टीवर पूर्वीइतकीच आहे.

शोरूममध्ये सीटच्या उंचीचा आकडा वाचून निर्णय घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: ८२५ मिलिमीटरची अरुंद सीट ८०० मिलिमीटरच्या रुंद सीटपेक्षा सोयीची असू शकते. तुमची एकूण उंची किती यापेक्षा पायांची आतून मोजलेली लांबी किती, हेच अधिक महत्त्वाचे.

१ जून २०२५

मागच्या शॉकअपचा सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती खाली बसते ते, मोजला. काम अर्ध्या तासाचे आहे आणि मोजपट्टीखेरीज काही लागत नाही, तरी कोणी करत नाही. एकाने गाडी साइड स्टँडवर तिरपी करून मागचे चाक उचलून धरायचे, दुसऱ्याने चाकाच्या नटापासून वरच्या कॅरिअरवरील एका ठरलेल्या बिंदूपर्यंत माप घ्यायचे. माझे माप ६१२ मिलिमीटर आले. मी बसल्यावर ५४८. म्हणजे शॉकअप ६४ मिलिमीटर दबला; चाकाचा एकूण प्रवास २०० मिलिमीटर धरला तर साधारण एक तृतीयांश. रस्त्यासाठी हे थोडे मऊ असले तरी चालते. मागे पत्नी आणि कपड्यांची बॅग आल्यावर मात्र माप ५१६ आले. निम्मा प्रवास बसल्याबसल्याच संपला. नरेंद्र नगरच्या पुलाखालून निघाल्यावर जो दणका बसत होता आणि ज्याला मी शॉकअप गेल्याचे समजत होतो, त्याचे कारण इतके साधे निघाले.

सी-आकाराच्या पान्याने स्प्रिंग तीन खाचा कसली. दोघांसह माप ५३८ झाले. दणका गेला आणि रात्री समोरच्या गाड्या ‘डिपर’ मारायच्या, तेही थांबले, कारण मागून बसलेल्या गाडीचा दिवा त्यांच्या डोळ्यांत जात होता.

एक जोडकाम राहून गेले होते, ते पुढच्या आठवड्यात उघड झाले; ते इथेच जोडतो. स्प्रिंग कसल्यावर चेनचा ताण पुन्हा तपासावा लागतो. सर्व्हिसिंगला गाडी दिली तिथे चेन साध्या गाडीच्या सवयीने ताठ केली. मोठ्या प्रवासाच्या शॉकअपला ढिली चेन लागते, कारण माणूस बसल्यावर चाक वर येते आणि चेन आणखी ताणली जाते. दोघे बसून निघालो की मागून घरघर येई आणि कमी वेगात गाडी आचके देई. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा दाखवून चेन पुन्हा ढिली करून घेतली. गाडी एकट्यावर आणि साइड स्टँडवर असताना ती जरा लोंबती दिसली म्हणून घाबरू नये.

१५ जून २०२५

रामटेकहून परत येताना मनसरच्या अलीकडे मागचे चाक बसले. दोन इंची खिळा. ट्यूबच्या टायरमध्ये हवा हळूहळू जात नाही, एकदम जाते. मागे पत्नी असताना गाडी शेपूट हलवू लागली आणि ती कडेला घेईपर्यंत अंगाला घाम फुटला.

ट्यूबलेस टायर असते तर सुई आणि वात घालून दहा मिनिटांत निघालो असतो. इथे मागचे चाकच काढावे लागते, आणि डबल स्टँड नसल्यामुळे चाक काढण्यासाठी आधी गाडी उभी कशी करायची हा प्रश्न. पंक्चरवाल्याने इंजिनखाली विटा आणि लाकडी ओंडका लावला. माणूस कामाला चोख, पण त्याचा हात ट्रक आणि स्कूटरवर बसलेला. टायर परत चढवताना पान्याची चिमट बसून ट्यूब दुसऱ्या ठिकाणी फाटली. या मापाची ट्यूब आसपासच्या दुकानांत नव्हती, म्हणून ठिगळावर ठिगळ. सगळी दुपार गेली.

त्यानंतर घेतलेल्या वस्तू: डबल स्टँड ४,२०० रुपये, पुढची-मागची मिळून दोन ट्यूब १,३५० रुपये, हातपंप ९०० रुपये, हवा मोजण्याचे स्वतःचे मीटर ७०० रुपये. २१ इंची ट्यूब गावोगावी मिळत नाही, ती सोबत असलीच पाहिजे. काही नव्या गाड्यांना आता स्पोक असूनही ट्यूबलेस असलेली चाके मिळतात. रोजच्या वापरासाठी गाडी घेणाऱ्याने जादा दिवे आणि क्रॅश गार्ड यांच्या आधी त्यावर पैसे घालावेत. घरगुती पद्धतीने टेप आणि सीलंट लावून केलेले रूपांतर मी करणार नाही.

मीटर घेतल्यावर पंपांवरच्या हवेचा घोळही कळला. दोन पंपांच्या आकड्यांत चार पीएसआयचा फरक आहे. हवा सकाळी, टायर गार असतानाच मोजावी. तापमान १० अंशांनी वाढले की ३० पीएसआयच्या टायरमध्ये सुमारे दीड पीएसआय दाब वाढतो. दुपारी तापलेल्या टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडली तर रात्री ती कमी पडते.

२९ जून २०२५

काटोल तालुक्यातील मामांच्या संत्र्याच्या बागेत गेलो. डांबरी रस्ता सोडल्यावर दीड किलोमीटर पांदण आहे. आदल्या रात्री पाऊस झाला होता. अ‍ॅडव्हेंचर गाडी आणि कच्चा रस्ता, म्हणजे हिचे माहेरच, असा माझा समज होता.

काळी माती वाळूसारखी किंवा मुरमासारखी वागत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटते. टायरचा ठसा भरतो, मग त्यावर दुसरा थर, मग त्यात काडीकचरा. या गाडीचा पुढचा मडगार्ड टायरच्या अगदी जवळ आहे. पन्नास-साठ मीटरवर चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ठासला गेला आणि पुढचे चाक फिरायचेच थांबले. इंजिन ओढते आहे, मागचे चाक जागेवर फिरते आहे, आणि पुढचे चाक नांगराच्या फाळासारखे घसटत चालले आहे, अशी ती अवस्था. इथे ताकदीचा काही उपयोग नाही. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद करता येतो म्हणून तोही बंद करून पाहिला. पण तो बंद करणे सोयीचे आहे ते सुट्या खडीच्या उतारावर, जिथे ब्रेक लावूनही गाडी थांबत नाही. इथे प्रश्न थांबण्याचा नव्हताच.

पळसाच्या काडीने चिखल टोकरून काढायचा, दहा पावले जायचे, पुन्हा टोकरायचा. शेवटी मडगार्डचे चार स्क्रू काढून तो पाठीवरच्या पिशवीत घातला. चिखल तोंडावर आला, पण चाक फिरू लागले. मामांचा सालगडी जुन्या १०० सीसीच्या गाडीवर मागून आला. त्याचेही चाक अडकले होते, फरक इतकाच की त्याने गाडीचे पुढचे टोक हाताने उचलून बांधावर ठेवले आणि गवतावरून निघून गेला. मला ते जमणे शक्य नव्हते. अशा ठिकाणी ऐंशी किलोचा फरक हा नुसता कागदावरचा आकडा राहत नाही.

परतीला गाडी एकदा आडवी झाली. तिला उचलण्याची रीत सर्वांनी शिकावी: हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवायचे, पाठ सीटला टेकवून उकिडवे बसायचे, एक हात हँडलच्या मुठीला आणि दुसरा मागच्या दांड्याला, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचे. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. घरी आल्यावर गवतावर जुनी गादी टाकून बहिणीकडून हे करून घेतले. तिला जमले.

पावसाळ्यात पांदणीत जाणाऱ्याला ही गाडी मी सुचवणार नाही. मुरमाचा किंवा खडीचा रस्ता असेल तर निराळी गोष्ट. खिंडसीच्या बाजूला त्याच गाडीने खड्डे असे पार केले की कळलेही नाही.

१३ जुलै २०२५

आई साडी नेसून या गाडीवर बसू शकत नाही. सीट उंच, आणि आधीच्या मालकाने बाजूच्या पेट्या लावण्यासाठी साडीगार्ड काढून टाकलेला. मागे बसणाऱ्यासाठी धरायचा दांडा, पाय ठेवायची जागा आणि चाकावर आच्छादन हे नियमानेच आवश्यक आहे, तेव्हा ८०० रुपयांना गार्ड परत बसवला आणि पेट्या उतरवल्या. आईने एकदा ओट्यावरून बसून पाहिले आणि म्हणाली, “तुझ्या उंटावर तूच बस, मी ऑटोनं जाते.” दवाखान्याचे काम स्कूटरकडेच राहिले.

पेट्या उतरवल्याचा खेद नाही. त्या लावल्यावर गाडीची रुंदी हँडलपेक्षा जास्त होते आणि चालवणाऱ्याला ती दिसत नाही. महालात आणि इतवारीत उभ्या गाड्यांच्या मधून काढताना दर वेळी काहीतरी घासत असे. रोजच्या कामाला मागे बांधायची एक मऊ बॅग पुरते.

१७ ऑगस्ट २०२५

स्वातंत्र्यदिनाच्या जोडून आलेल्या सुट्टीत पत्नीसह चिखलदऱ्याला जाऊन आलो. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे कोंढाळी, तळेगाव मार्गे अमरावती आणि पुढे परतवाडा. दुचाकीवरून पश्चिमेकडे जाणाऱ्याने हे गृहीत धरूनच वेळ काढावी. ट्रक, ट्रॅक्टर आणि उलट दिशेने येणारे यांच्यासोबतच जायचे असते.

इथे गाडीने आपली किंमत दाखवली. ८० ते ९० च्या वेगात ती दिवसभर चालते, ट्रकला मागे टाकायला गिअर उतरवावा लागत नाही, आणि खराब पट्ट्यावर वेग कमी करण्याची गरज स्कूटरच्या निम्म्यानेही पडत नाही. १०५ च्या पुढे मात्र हँडलमध्ये बारीक थरथर येते आणि बोटांना मुंग्या येतात. परतवाड्यानंतरच्या घाटात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्येच काम होते. धुके आणि ओला रस्ता असूनही पत्नी तक्रारीविना बसली. तिचा आक्षेप सीटच्या उताराला होता, कारण प्रत्येक ब्रेकला ती माझ्यावर सरकत होती. त्यावर अजून उपाय केलेला नाही.

ॲव्हरेजचा हिशोब आता स्थिर झाला आहे. शहरात लिटरला २६ किलोमीटर, महामार्गावर ८० च्या वेगात ३२, आणि १०० च्या पुढे राहिले तर २७. पंपांवर आता बहुतेक ठिकाणी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा जुन्या चाचण्यांतले आकडे जुळले नाहीत तर लगेच इंजिन उघडू नये. माझे ऑफिसचे जाणे-येणे २८ किलोमीटर आहे. १०४ रुपये दराने या गाडीला रोज साधारण ११२ रुपये लागतात, लिटरला ४५ देणाऱ्या आमच्या स्कूटरला ६५.

२८ सप्टेंबर २०२५

दुरुस्ती आणि सामानाचा आजवरचा खर्च, पेट्रोल, नेहमीची सर्व्हिसिंग आणि पंक्चरची मजुरी वगळून, १३,५०० रुपये झाला. त्यातील ३,४५० रुपये लिंक, तुटलेला लिव्हर आणि पहिली सीट यांत पूर्ण वाया गेले. उपयोगी ठरले ते डबल स्टँड, ट्यूब, दुसरी सीट आणि मीटर. सॅग आणि चेन यांना एक रुपयाही लागला नाही.

मेहुण्याचा निर्णय याच आठवड्यात झाला. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के. पूर्वी मोठ्या गाड्यांवर २८ टक्के आणि वर ३ टक्के उपकर होता. विम्यातही हाच उंबरठा आहे: २०२२ च्या दरपत्रकानुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १५० ते ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये आहे. ज्याचे बहुतेक चालवणे शहरात आहे आणि वर्षातून दोन-तीनदाच लांब जायचे आहे, त्याने २५० सीसीच्या वर्गातली हलकी गाडी घ्यावी असे मी त्याला सांगितले. सीट तिचीही उंचच आहे, पण ती कलली तर पायाने सावरता येते. तो आधी नाराज झाला. मग एका संध्याकाळी माझी गाडी बर्डीच्या पार्किंगमधून, चढावर, मागे ढकलत त्याने स्वतः काढली आणि दुसऱ्या दिवशी २५० च्या गाडीची चौकशी केली.

शोरूममध्ये गाडी पाहायला जाणाऱ्याने चक्कर मारण्याआधी नेमके हेच करावे. गाडी डबल स्टँडवरून उतरवून घ्यावी, इंजिन बंद ठेवून उतारावरून मागे ओढावी, एका दमात वळवून दाखवावी, आणि नेहमीच्या चपला-बुटांत बसून पाहावी. विक्रेते घाई करतात, करू द्यावी.

माझी गाडी मी ठेवतो आहे. महामार्गावरची तिची चाल मला हवी आहे आणि घरात स्कूटर आहेच. बहीण आता आठवड्यातून एखाद-दोनदा ती ऑफिसला नेते, सिमेंट रस्त्याच्या कडेऐवजी पट्ट्याच्या मधोमध थांबते, आणि सिग्नलला उजवा पाय ब्रेकवर ठेवून फक्त डावा टेकवते.

उरलेली कामे: उजव्या फोर्कच्या सीलमधून तेल झिरपू लागले आहे, तेव्हा दोन्ही सील आणि फोर्कचे तेल दिवाळीआधी बदलायचे. पुढचा टायर मध्यभागी झिजला आहे, पण डिसेंबरपर्यंत चालेल. मडगार्ड दहा मिलिमीटर वर घेण्यासाठी लेथवाल्याकडे बुशिंग टाकली आहेत. ती बसवल्यावर फोर्क पूर्ण दबल्यावर टायर वर घासत नाही ना, हे स्प्रिंग काढून तपासायचे आहे.